साळवीताईंच्या उजव्या हाताची दोरी

दिल्लीतल्या द्वारकेच्या आमच्या सोसायटीत मला सगळे ‘नेव्हीवाले अंकल’ म्हणतात. ते तितकंसं खरं नाही. मी गणवेश कधी घातला नाही. मुंबईला नौदलाच्या गोदीत शिडं, ताडपत्र्या आणि दोरखंड यांच्या विभागात बारा वर्षं सिव्हिलियन कामगार होतो, एवढंच. तिथून एका साहेबांच्या शब्दावर दिल्लीला आलो आणि ओखल्याला यमुनेकाठी शिडाच्या होड्यांचा जो क्लब होता, तिथे सत्तावीस वर्षं होड्या सांभाळल्या. फाटलेली शिडं शिवायची, दोऱ्या बदलायच्या, डोलकाठ्या उभ्या करायच्या, गाळात रुतलेली बोट ओढून काढायची. मूळचा मी दाभोळच्या खाडीवरचा. वडील गलबतावर तांडेल होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. मुलगा दिल्लीला शिडं शिवायला जातोय हे ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “तिथे पाणी आहे?”

पाणी होतं. बराजमुळे, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे, नदी अडून पसरायची आणि चांगला मोठा तलाव तयार व्हायचा. तेव्हा त्या पाण्याला आजच्याइतका वास नव्हता. थंडीत लांबून पक्षी यायचे, मंत्रालयातले साहेब यायचे, वकिलातीतले गोरे यायचे. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एकाला शीड इतकं पांढरं हवं होतं, की त्याने घरी नेऊन त्याला नीळ दिली आणि निळसर ढगासारखं काहीतरी घेऊन परत आला. दुसरा एक दर रविवारी डोलकाठी अर्धा इंच पुढे-मागे करून मागायचा. मी हातोडी घेऊन तिच्या बुंध्याशी थोडं ठकठक करायचो, काठी तिथेच राहायची, आणि ते गृहस्थ संध्याकाळी म्हणायचे, “अब ठीक चली.”

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला या मंडळींपैकी कोणी आठवलं नाही. आठवल्या त्या साळवीताई.

नलिनी साळवी. केंद्र सरकारात अवर सचिव, राहायला मुनिरकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये. लग्न केलेलं नव्हतं. पोहायला येत होतं आणि कुतूहल दांडगं, तेवढ्यावर पंचेचाळिशीत त्या शिडाची होडी चालवायला शिकल्या. परत मायदेशी जाणाऱ्या एका वकिलातीतल्या माणसाकडून त्यांनी बावीस फुटी जुनी बोट विकत घेतली. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर कापडी टोपी. मला पहिल्या दिवसापासून ‘युसूफभाई’ म्हणायच्या, आणि मराठीतच बोलायच्या. क्लबात आमच्या दोघांशिवाय मराठी बोलणारं कोणी नव्हतं. मंडळी कुतूहलाने ऐकायची. मी त्यांना चारचौघांत मॅडम म्हणायचो, एरवी ताई.

एकट्या असल्या की त्या मोठं शीड बांधूनच ठेवायच्या आणि फक्त पुढचं, तिकोनी शीड वापरायच्या. ते शीड गुंडाळण्याची सोय त्या बोटीला होती, आणि तेव्हा दिल्लीत ती अपूर्वाई होती. जाणकार नसलेल्यांसाठी सांगतो. साध्या बोटीत पुढचं शीड उतरवायचं असेल तर कोणाला तरी हलत्या बोटीच्या टोकापर्यंत रांगत जावं लागतं. या बोटीत टोकाला एक फिरकी होती, मोठ्या रिळासारखी. शीड उघडताना फिरकी गरगरते आणि तिच्यावर एक दोरी गुंडाळली जाते. ती दोरी मागून ओढली, की फिरकी उलटी फिरते आणि शीड आपल्या तारेभोवती छत्रीसारखं मिटतं. थोडं ओढलं तर थोडं मिटतं. वारा वाढला की शीड लहान करायचं, फारच वाढला तर सगळं गुंडाळून टाकायचं. बोट चालवणाऱ्याचा जीव त्या एका दोरीवर असतो.

साळवीताईंना त्रेपन्नाव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पाय दोन-तीन महिन्यांत वळणावर आला. डावा हात मात्र खांद्यातून हलायचा, पण बोटं मिटायची नाहीत. सात महिन्यांनी त्या क्लबात आल्या, ऑटोतून एकट्याच उतरल्या आणि थेट माझ्या शेडमध्ये आल्या.

“युसूफभाई, बोट कशी आहे?”

“बोट बरी आहे, ताई. तुम्ही कशा आहात?”

“मी अर्धी बरी आहे. उरलेल्या अर्ध्याचं काय करता येईल ते बघायला आलेय.”

अडचण त्यांनीच नेमकी सांगितली. उजव्या हातात सुकाणूचा दांडा. मग गुंडाळायची दोरी ओढायची कोणत्या हाताने? आधी त्या दोन्ही हातांनी ओढायच्या, पायात दांडा धरून. आता तेही जमणार नव्हतं, कारण दोरी बांधायची खुंटी डाव्या बाजूला, डोलकाठीच्या बुंध्याशी होती. जुन्या मालकाला ती सोयीची असेल.

क्लबचे सेक्रेटरी एक निवृत्त कर्नल होते. सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का. ते म्हणाले, “मैडम, किसी को साथ ले जाइए.” ताई म्हणाल्या, “किसी के साथ तो मैं घर पर भी बैठ सकती हूँ.” शेवटी असं ठरलं, की कमिटीसमोर त्यांनी एकटीने बोट नेऊन दाखवायची, मध्ये शीड पूर्ण गुंडाळायचं, परत उघडायचं आणि धक्क्याला लावायची. जमलं तर परवानगी. मुदत एक महिना.

मी कामाला लागलो आणि पहिल्याच झटक्याला तोंडावर आपटलो. मला वाटलं, एका हाताची ताकद कमी पडणार, तेव्हा ओढायचा भार निम्मा करू. एक जादा कप्पी घालून दोरी दुपदरी केली. ओढायला हलकी झाली, अगदी दोन बोटांनी यावी अशी. मी खुशीत. ताई बोट घेऊन धक्क्याच्या आसपासच फिरल्या आणि शीड गुंडाळायला घेतलं. भार निम्मा, म्हणजे दोरी दुप्पट ओढायची, हे मला माहीत असून मी त्याचा विचार केला नव्हता. ओढून ओढून बोटीत दोरीचा ढीग झाला, त्यांच्या घोट्यांभोवती वेढे पडले आणि बोट हळूच धक्क्याला धडकली.

त्या चिडल्या नाहीत. पायातली दोरी सोडवत म्हणाल्या, “हलकं केलंत हो, पण संपतच नाही. मला हलकं नकोय. मला सोपं हवंय.”

हलकं आणि सोपं यातला फरक मला सव्वीस वर्षांच्या कामात कोणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबात कोणी नसताना मी गमछ्याने माझा डावा हात कमरेला बांधला आणि त्यांच्या बोटीत जाऊन बसलो. धक्क्याला बांधलेल्या बोटीतच, पण त्यांच्या जागेवर, त्यांच्यासारखा. तीन तास बसलो. माळी दोनदा येऊन विचारून गेला, “चाचा, हाथ टूट गया क्या?”

त्या तीन तासांत जे कळलं ते वर्षानुवर्षं उभं राहून, दोन हातांनी दोऱ्या ओढताना कळलं नव्हतं. भार शिडाचा नव्हताच मुळी, भार घासण्याचा होता. दोरी बोटीच्या कडेच्या चार लहान कड्यांमधून वाकडीतिकडी येत होती आणि प्रत्येक कडी थोडी ताकद खात होती. दुसरं, दोरी बारीक होती. बारीक दोरी आवळून धरताना हात शिणतो, तळव्याला काप पडतो. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ओढल्यानंतर दोरी आपणहून पकडली जायला हवी. म्हणजे एक हिसका द्यायचा, हात मोकळा, सुकाणूवर जायचं, बोट सरळ करायची, परत येऊन दुसरा हिसका. घाई नाही.

कड्या काढून तिथे फिरत्या कप्प्या बसवायच्या ठरवल्या. तशा कप्प्या दिल्लीत मिळत नव्हत्या. गाझियाबादला महेंदर नावाचा एक लेथवाला होता, पंख्यांच्या मोटरींचे भाग करायचा. त्याच्याकडे गेलो. कागदावर काढून दाखवलं, नायलॉनचं चाक, आत बेअरिंग. तो म्हणाला, “किस मशीन का है?” मी म्हटलं, नावेचं आहे, दिल्लीत शिडाने चालते. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “भाईसाहब, सुबह से मैं ही मिला?” पण कप्प्या केल्या अशा, की बोटाने टिचकी मारली तर फिरतच राहाव्यात. नंतर एका रविवारी तो कुटुंबाला घेऊन नाव बघायलाही आला.

दोरीचा पेच वेगळा होता. हाताला जाड दोरी हवी, पण जाड दोरी फिरकीवर मावत नाही. यावर गोदीतली एक जुनी युक्ती कामी आली. विणलेल्या दोरीला वरची साल असते आणि आत गाभा. फिरकीवर जाणाऱ्या निम्म्या लांबीतला गाभा मी ओढून काढला. राहिली ती नुसती साल, चपटी, फिरकीवर वेढ्यावर वेढा नीट बसणारी. हाताकडच्या निम्म्या भागात गाभा तसाच ठेवला. एकच दोरी, एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला मूठभर. जिथे गाभा संपतो तिथलं शिवणकाम मी दोनदा उसवून पुन्हा केलं, बोटाला कळू नये इतकं.

आणि दोरी धरून ठेवायला दोन दातेरी चाकांची पकड. दोरी ओढली की सरकू देते, सोडली की धरते, वर उचलली की मोकळी. ती कुठे बसवायची हे मी ठरवलं नाही. ताईंना जागेवर बसवलं आणि म्हटलं, “डोळे मिटा, हात पुढे नेऊन दोरी ओढल्यासारखं करा.” त्यांचा हात जिथे येऊन थांबला तिथे खडूने फुली मारली. तीन वेळा करायला लावलं. तिन्ही फुल्या वीतभर जागेत पडल्या. तिथेच भोकं पाडली.

एक गोष्ट मात्र त्यांनी स्वतः शोधली. शीड गुंडाळताना शिडाची मागची दोरी हळूहळू सोडावी लागते. एकदम सोडली तर शीड फडफडून ढिलं गुंडाळलं जातं. त्यासाठी हात उरला नव्हता. ताईंनी ती दोरी डाव्या बुटाखाली दाबून धरली आणि पाय जरा जरा उचलत ती सोडू लागल्या. “हा पाय मला परत मिळालाय ना,” त्या म्हणाल्या, “तर त्याला काहीतरी काम देऊ या.”

कमिटीसमोरची चाचणी सांगण्यासारखी नाही, इतकी सुरळीत झाली. अकरा हिसक्यांत शीड मिटलं. कर्नलसाहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण डोक्यावरची टोपी काढून परत घातली. परवानगी मिळाली.

इथे थांबलो असतो तर हा लेख माझ्या कौतुकाचा झाला असता. पण पुढे जे झालं तेही लिहायला हवं.

मे महिना होता. फिरकीच्या सगळ्यात जवळची कप्पी गाळ जाऊन करकरायला लागली होती. शनिवारी मी ती काढली, महेंदरकडे पाठवली आणि तिच्या जागी जुन्या कड्यांपैकी एक कडी बसवली. ती दोन बोटं खाली बसली. आता, फिरकीवर येणारी दोरी तिच्या बरोबर मध्यावर, काटकोनात यावी लागते. खालून आली तर सगळे वेढे तळाशी एकमेकांवर चढतात आणि जोर लागला की वरचा वेढा खालच्यात रुततो आणि दोरी अडकते. हे मला माहीत होतं. मला वाटलं, एका रविवारचा प्रश्न आहे, मंगळवारी कप्पी येईल. ताईंना सांगितलं नाही. सांगितलं तर उगीच धास्ती घेतील, असं मीच ठरवलं.

रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडचं आकाश तांबडं झालं. दिल्लीकरांना आंधी काय असते हे सांगायला नको. कर्नलसाहेबांनी घंटा वाजवली, होड्या परतू लागल्या. ताई सगळ्यात लांब होत्या, बराजच्या अंगाला. मी दुर्बीण घेऊन धक्क्यावर उभा. त्यांनी शीड गुंडाळायला घेतलेलं दिसलं. एक हिसका, दुसरा, तिसरा, अगदी बेताने. सातव्या-आठव्याला शीड थांबलं. एक तृतीयांश तसंच उघडं. त्यांनी एकदा जोर लावला. हललं नाही. काय झालंय ते मला पाव मैलावरून दिसत होतं.

मग धूळ आली आणि काहीच दिसेनासं झालं.

वारा त्यांना सरळ बराजच्या दरवाजांकडे नेणार होता. मोटरबोट काढली, पण धुळीत हातभर पुढचं दिसेना. कर्नलसाहेब म्हणाले, “अभी जाएँगे तो हम ही उनसे टकराएँगे।” वीस मिनिटं आम्ही तोंडाला रुमाल बांधून धक्क्याला चिकटून बसलो. मी ज्या दुआ आठवत होत्या त्या म्हणत होतो आणि मध्येच त्या कडीचा आकार डोळ्यांपुढे येत होता.

धूळ विरळ झाल्यावर निघालो. बराजपाशी बोट नव्हती. दरवाजांच्या कठड्यावरही काही अडकलेलं नव्हतं. मग कर्नलसाहेबांनी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. तिथे जलकुंभीचं, म्हणजे आपल्याकडच्या जलपर्णीचं, दाट रान होतं, होडीवाल्यांच्या शिव्या खाणारं. त्या हिरव्या गादीत ताईंची बोट नाकापासून निम्मी घुसून सरळ उभी होती. ताई आपल्या जागेवर, नाकातोंडावर ओढणी, धुळीने पिवळ्या झालेल्या.

“ठीक हैं आप?” कर्नलसाहेब ओरडले.

“बिल्कुल. चहा मिळेल का कुठे?” त्या मराठीतच म्हणाल्या, बहुधा माझ्याकडे बघून.

त्यांनी काय केलं ते नंतर कळलं. दोरी अडकल्यावर त्यांनी दुसऱ्यांदा जोर लावलाच नाही. तुटली तर उरलेलं शीडही उघडेल, हे त्यांच्या लक्षात आलं. मग तेवढ्याच उघड्या शिडाचा उपयोग करून, दिसत होतं तोवर बोट वळवली आणि मुद्दाम जलकुंभीत घातली. दोन्ही हात धड असलेल्या कितीजणांना हे सुचलं असतं, मला माहीत नाही.

संध्याकाळी व्हरांड्यात कमिटी बसली. एक सभासद म्हणाले, पहले ही कहा था, अकेली औरत, ऊपर से ये हालत. मी उभा राहिलो. कडी हातात होतीच. ती टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं वाटत होतं. जायला हवी, असंही वाटत होतं.

मग ताई माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “कडी बदललीत त्याचं काही नाही, युसूफभाई. मला सांगायचं होतंत. तरीही मी गेलेच असते. पण शीड उघडताना दोरी हाताने ताणून धरली असती, वेढे नीट बसवले असते. झटका आल्यापासून डॉक्टर, भाऊ, ऑफिस, सगळे माझ्यासाठी परस्पर ठरवतात. तुम्हीही त्यातलेच?”

 

कर्नलसाहेबांनी त्या काय म्हणाल्या ते विचारलं नाही. कडी उचलून बघितली, खाली ठेवली. म्हणाले, “मैडम, जलकुंभी का ख़याल मुझे नहीं आता। मैं तो बराज पर होता।” मग कमिटीकडे बघून, “परमिशन जैसी थी, वैसी रहेगी।” मला त्यांनी एक लेखी समज दिली. ती मी जपून ठेवली आहे.

त्यानंतर ताईंनी आणखी सहा वर्षं बोट चालवली. त्यांची दोरीची व्यवस्था बघून क्लबातल्या आणखी पाच जणांनी ती करून घेतली, त्यातले चार दोन्ही हातांनी धडधाकट. पुढे नदीला फेस येऊ लागला, लोक येईनासे झाले, ताई निवृत्त होऊन पुण्याला भावाशेजारी राहायला गेल्या. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्याचं कळलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या आंधीनंतरच्या रविवारचं. मी सकाळीच बोट तयार करून धक्क्यावर उभा होतो. त्या ठरल्या वेळेला आल्या. माझ्याशी बोलतील की नाही, मला खात्री नव्हती.

“आज काय काय बदललंय?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कप्पी नवी बसवली. दोरी फिरकीवरून पूर्ण काढून, ताणून पुन्हा गुंडाळली. पकडीचा डावीकडचा स्क्रू घट्ट केला. टोकाच्या तारेला गंज दिसला, तो घासला, पण पुढच्या महिन्यात तार बदलावी लागेल. त्या वाकून एकेक गोष्ट उजव्या हाताने चाचपून बघत गेल्या. तार दोनदा बघितली. मग बोटीत उतरून जागेवर बसल्या.

मी बांधलेला दोर सोडला आणि सवयीने तिथेच उभा राहिलो.

“युसूफभाई, तुम्ही असे उभे राहिलात ना, की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आत जा. चहा घ्या.”

मी शेडमध्ये गेलो, नदीकडे पाठ करून बसलो आणि एक फाटलेलं शीड शिवायला घेतलं. बाहेर फिरकी फिरल्याचा आवाज आला, सावकाश, थांबत थांबत, म्हणजे त्या दोरी ताणून धरत होत्या. मग कापड दोनदा फडफडलं. मग फडफड थांबली आणि सगळं शांत झालं. शिडात वारा भरला की असंच शांत होतं. उठून दारापर्यंत जायला दोन पावलं पुरली असती. मी सुईत दोरा ओवला आणि टाका घातला.